यवतेश्वरच्या चढाला परत परत लागणारा इंजिनचा पिवळा दिवा: टर्मिनल काढण्याआधी घरी काय तपासायचं

बाबांची पेट्रोल हॅचबॅक २०१३ च्या शेवटची, तीन सिलिंडरची. पुण्यात घेतलेली म्हणून पासिंग एमएच १२. बाबा निवृत्त होऊन साताऱ्याला आले, गाडीही आली, आणि आता ती माझ्याकडं आहे. गावात ती काडीचा त्रास देत नाही. गोडोली, पोवई नाका, राजवाडा, कामाला कोरेगाव, सगळीकडं गुणानं चालते. पण सासर बामणोलीकडचं. तिकडं जायचं तर यवतेश्वरचा घाट चढावा लागतो, आणि तिथं दुसऱ्या गिअरमध्ये जोर आला की गाडी मिसिंग करायची (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटायचंच नाही), झटके खायची, आणि मीटरमध्ये इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागायचा. वर सपाटीला लागलं की झटके थांबायचे. दिवा तसाच राहायचा.

वर्षभर याला एकच उपाय चालला. फिटरकडं नेली की ते बॅटरीचं टर्मिनल काढून दहा-पंधरा मिनिटांनी परत लावायचे. दिवा गेलेला असायचा. पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या घाटाला तो परत हजर. तुमच्याकडंही असंच चाललं असेल तर हे वाचा. साहित्य फार लागत नाही: एक ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र), मल्टीमीटर, १० नंबरचा पाना, प्लगचा सॉकेट, टॉर्च, आणि एक वही. वही विसरू नका, माझं निदान शेवटी वहीमुळंच झालं.

आधी दिवा ओळखा

किल्ली ऑन केली की इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली ऑन करूनही तो लागतच नसेल, तर ते चांगलं लक्षण समजू नका. जुनी गाडी विकताना कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर सगळ्यात आधी हे बघा.

लाल दिव्यांची गोष्ट वेगळी. तेलाच्या कॅनचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तिथं रीडर काढून बसायचं नसतं.

पिवळा दिवा स्थिर असेल तर हळू घरी येता येतं. पण तोच दिवा लुकलुकायला लागला तर मिसिंग इतकं वाढलंय की सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धोक्यात आहे. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन जळतं, आतली जाळी लाल होऊन वितळते, आणि काही शे रुपयांचं काम हजारोंवर जातं. माझा दिवा घाटात दोनदा लुकलुकला होता आणि मी तशीच वर गेले. तुम्ही जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, जागा बघून थांबा, लुकलुकणं थांबलं तर उताराच्या दिशेनं परत फिरा.

टर्मिनल काढल्यानं नेमकं काय होतं

गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू. त्याला मिसिंग एकदा दिसलं तर तो ते कच्च्या नोंदीत ठेवतो. पुढच्या फेरीतही तेच दिसलं तर नोंद पक्की होते आणि दिवा लागतो. फेरी म्हणजे गाडी चालू करणं, चालवणं आणि बंद करणं. लागोपाठ तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो, पण कोड आत राहतो. इंजिन थंडीतून पूर्ण गरम होण्याच्या साधारण ४० वेळा बिनबिघाडीच्या गेल्या, तर तो कोडही पुसला जातो.

आता टर्मिनल काढलं की ही सगळी पाटी कोरी होते. दिवा विझतो तो बिघाड गेला म्हणून नाही, तर ईसीयूला परत दोन फेऱ्यांत बिघाड दिसावा लागतो म्हणून. माझा बिघाड फक्त चढाला दिसणारा, त्यामुळं दिवा परत यायला दोन घाट लागायचे. मधले दिवस मला वाटायचं, चला, सुटलं एकदाचं. शिवाय टर्मिनल काढताना कोडबरोबर बिघाडाच्या क्षणाचे आकडेही पुसले जातात, आणि आयडलिंग व पेट्रोलचं गाडीनं शिकून घेतलेलं गणितही जातं. म्हणून नंतर एक-दोन दिवस सिग्नलला गाडी थरथरते.

रीडर लावताना

स्टेअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइलवर कार स्कॅनर किंवा टॉर्कसारखं ॲप एवढं पुरतं. आयफोन असेल तर त्यावर चालणारा रीडर आहे ना, हे घेण्याआधी विचारा. रीडरवर लाइटच आली नाही तर आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत हे सॉकेट दुसऱ्या कशाच्या तरी फ्यूजवर असतं, आणि चार्जर खोचताना तो उडालेला असतो. काम झालं की रीडर काढून ठेवा. या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर किल्ली काढल्यावरही करंट असतो, त्यामुळं गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या गाडीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बीएस-४ हे गाडीच्या धुराचं सरकारी मानक १ एप्रिल २०१० ला मोजक्या शहरांत आलं. आपल्या बाजूची त्यातली दोन म्हणजे पुणे आणि सोलापूर. बाकी ठिकाणी ते टप्प्याटप्प्यानं पोचलं आणि देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाड स्वतः ओळखून रीडरला कोड देणारी सोय, सक्तीचं झालं १ एप्रिल २०१३ पासून. म्हणून एमएच ११ किंवा एमएच १० पासिंगची २०१०-१२ ची गाडी बीएस-३ असू शकते, सॉकेट असूनही साधा रीडर तिच्याशी बोलत नाही, आणि चूक रीडरची नसते. अशा गाडीला त्या कंपनीचा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये न्या आणि कोड फक्त वाचून वहीत लिहून घ्या. पुढच्या तपासण्या घरी तशाच करता येतात.

रीडरच्या आधी मल्टीमीटरनं बॅटरी बघून घ्या. गाडी रात्रभर उभी असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मिळाले पाहिजेत. बॅटरी मेलेली किंवा अर्थिंगची वायर गंजलेली असेल तर ईसीयू भलतेसलते कोड दाखवतो आणि आपण नको तिथं शोधत बसतो.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

माझ्या गाडीत कोड आला पी०३०३. यातला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा भाग. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड, तिथं १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. त्यापुढचा ३ म्हणजे स्पार्क आणि मिसिंग. शेवटचे दोन आकडे सिलिंडरचा नंबर. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी०३०० आला असता तर कुठलाही एक सिलिंडर नाही, आलटून पालटून मिसिंग.

इथं बहुतेकांची गल्लत होते. पी०३०३ दिसला की मोबाइलवर शोधतात, उत्तर येतं कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा पार्ट), आणि कॉइल विकत आणतात. ईसीयूला कॉइल दिसत नाही. प्रत्येक सिलिंडरचा धमाका झाला की क्रँकशाफ्टला एक धक्का बसतो आणि ती क्षणभर जोरात फिरते. क्रँक सेन्सर हा वेग मोजत असतो. तिसऱ्याची पाळी आली आणि धक्का आला नाही, एवढंच ईसीयूला कळतं. स्पार्क पडला नाही, पेट्रोल आलं नाही की कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) गेलंय, हे शोधणं आपलं काम.

त्याला मदत होते ती फ्रीझ फ्रेमची. कोड पक्का झाला त्या क्षणाचे आकडे ईसीयू जपून ठेवतो आणि ॲपमध्ये ते वेगळ्या पानावर दिसतात. माझे असे होते: वेग ३४, आरपीएम २६००, पाण्याचं तापमान ९१ अंश, इंजिनवरचा लोड ८८ टक्के. म्हणजे इंजिन पूर्ण गरम, पाय दाबलेला, गाडी चढाला. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल कमजोर असेल किंवा करंट मधेच कुठं गळत असेल, तर आयडलिंगला सगळं ठीक दिसतं आणि घाटात उघडं पडतं. त्यामुळं गॅरेजच्या दारात गाडी रेस करून "काही नाही हो, बरोबर आहे" म्हणण्याला या बिघाडात अर्थ नाही.

कॉइलची अदलाबदल

हा अख्ख्या तपासणीतला सगळ्यात उपयोगी भाग आणि याला एक पैसा लागत नाही. प्लगवर थेट बसणाऱ्या कॉइलच्या गाड्यांनाच तो लागू आहे. त्याहून जुन्या, वायरवाल्या गाड्यांत प्लगच्या वायरी बदलून बघाव्या लागतात.

इंजिन पूर्ण थंड हवं, किल्ली काढलेली हवी. चालू इंजिनवर कॉइल उपसून कुठला सिलिंडर मेलाय ते बघायची जुनी सवय काही जणांना आहे. तिथं हजारो व्होल्ट असतात. हाताला झटका बसतो, कॉइल आणि ईसीयू दोन्ही जाऊ शकतात, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच.

कनेक्टरची क्लिप जुन्या गाडीत कडक झालेली असते. ओढू नका, दाबून सोडवा. वायरीला हात न लावता कनेक्टरच धरा. १० नंबरचा बोल्ट काढा, कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून सरळ वर घ्या. प्रत्येक कॉइलवर मार्करनं १, २, ३ लिहा. आडव्या बसवलेल्या इंजिनात एक नंबर बहुधा टायमिंग चेनच्या बाजूला असतो, तरी मॅन्युअलमध्ये खात्री करा. मग तीनची कॉइल एकमध्ये आणि एकची तीनमध्ये. दुसरं काहीही हलवायचं नाही. कोड रीडरनं पुसा (आता पुसणं बरोबर आहे, कारण वहीत उतरवलाय) आणि जिथं दिवा लागतो तिथंच गाडी न्या. झटके लागले की थांबा आणि कच्ची नोंद वाचा, दिवा लागायची वाट बघायला नको.

कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइलबरोबर हलला, म्हणजे कॉइल खराब. कोड पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल करायची, आणि तरीही कोड जागचा हलला नाही तर इंजेक्टर, वायरिंग नाहीतर कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशनला गेज लागतो, तिथं घरचं काम संपतं.

माझा कोड एकवर गेला. नवी कॉइल आणून एकमध्ये घातली. यवतेश्वर, कास, बामणोली, सगळं लोण्यासारखं पार झालं. पाच महिने.

दिवा परत आला तेव्हा

जुलैत, धो धो पावसात, त्याच चढाला. कोड पी०३०३. मला रडू यायचंच बाकी होतं. पहिला विचार हाच आला की दुकानदारानं कॉइल डुप्लिकेट दिली. पण घरी येऊन वही उघडली आणि लक्षात आलं की नवी कॉइल तर एक नंबरमध्ये आहे. तीनमध्ये आहे ती पूर्वीची एक नंबरची. जी कॉइल एकमध्ये दहा वर्षं ठणठणीत चालली, ती तीनमध्ये पाच महिन्यांत मेली. म्हणजे दोष कॉइलचा नव्हता. तीन नंबरचं ते भोकच कॉइल खात होतं.

भोकात टॉर्च मारला. प्लगच्या बुडाशी काळं तेल साचलेलं, चांगलं बोटभर. कॉइलचा रबरी बूट तेलानं फुगलेला आणि मऊ. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलनं ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजे करंटची पळवाट. रबर सैल झालं की ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाहेरून बॉडीला उडी मारते, त्या वाटेवर कार्बन बसतो, आणि पुढच्या वेळी तीच वाट सोपी पडते. प्रत्येक चुकलेल्या ठिणगीचा ताण कॉइलवर येतो.

पहिल्या अदलाबदलीच्या वेळीही बूट चिकट लागला होता. मी तो फडक्यानं पुसला आणि पुढं गेले. तेव्हाच टॉर्च मारला असता तर ही दुसरी कॉइल वाचली असती. कॉइल काढलीत की आधी भोकात बघा, मग पुसा.

भोकात तेलाऐवजी पाणी असेल तर कारण वेगळं. वॉशिंग सेंटरला इंजिनवर जेट मारला, किंवा कासच्या पावसात बॉनेटच्या कडेनं पाणी उतरलं, आणि वरचं रबर कडक झालेलं. तिथं वाळवून, रबर बदलून भागतं.

तेल आलं कुठून

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, त्याच्याखालच्या पॅकिंगमधून. कव्हरच्या कडेनं फिरणारं एक लांब रबर असतं आणि प्रत्येक प्लग होलभोवती एक-एक रिंग. दहा-बारा वर्षांच्या उष्णतेनं ही रबरं प्लास्टिकसारखी कडक होतात. कडेचं गळालं तर इंजिनवर ओघळ दिसतो, रिंग गळाली तर बाहेरून काहीच दिसत नाही.

हे काम मी फिटर अण्णांकडंच केलं, शेजारी उभं राहून. वही दाखवली तेव्हा ते सगळे आकडे नीट वाचून म्हणाले, "ताई, हे लिहून आणलंत बरं झालं. न्हाईतर मी तिसरी कॉइल घातली असती बगा." त्यांनी हाताळताना ज्या गोष्टी जपल्या त्या सांगते. प्लग काढण्याआधी भोकातलं तेल काडीला गुंडाळलेल्या फडक्यानं पूर्ण टिपलं, नाहीतर ते आणि त्यातली रेती थेट सिलिंडरमध्ये जाते. कडेचं रबर बदलताना रिंगाही बदलल्या, काही सेटमध्ये त्या वेगळ्या घ्याव्या लागतात, दुकानात विचारून घ्या. टायमिंग कव्हर आणि हेड जिथं जुळतात त्या दोन कोपऱ्यांत सिलिकॉनचा छोटा ठिपका लावला. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर, थोडेथोडे, आलटून पालटून आवळले. हे बारीक बोल्ट, जोर लावला की अल्युमिनियमचे आटे जातात. मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पान्यानं आवळणं उत्तम. नवे प्लग आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवले, मगच पाना.

आणि एक गोष्ट मी विचारली म्हणून झाली: पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारी ही छोटी झडप चिकटली की आत दाब वाढतो, आणि दाब तेलाला पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. ही झडप काढून कानाजवळ हलवा. खुळखुळली तर ठीक. माझी मुकी होती. ती तशीच ठेवून नुसतं पॅकिंग बदललं असतं तर वर्षा-दोन वर्षांत परत तेच.

काम झाल्यावर एक-दोन दिवस इंजिनमधून जळक्या तेलाचा वास येतो. सांडलेलं तेल जळत असतं, घाबरू नका.

दुसरे कोड आले तर

पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. हा कोड मिसिंगच्या कोडबरोबर आला असेल तर आधी मिसिंग काढा, सायलेन्सरची गळती बघा, काही दिवस चालवा. सगळ्यात महाग पार्ट सगळ्यात शेवटी.

पी०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. यावर बहुतेक व्हिडिओ व्हॅक्युमची गळती शोधायला लावतात. पण आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांत हवा मोजायला मॅप सेन्सर असतो, तो इनटेकमधल्या दाबावरून हवेचा अंदाज देतो. त्यात फुटक्या नळीतून शिरलेली हवाही मोजली जाते, म्हणून गळती असेल तर कोड येण्याऐवजी आयडलिंग चढलेलं दिसतं. आयडलिंग बरोबर असून पी०१७१ येत असेल तर आधी पेट्रोलचं प्रेशर, फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडची सायलेन्सरची फट बघा.

टाकीचं झाकण घट्ट करा, दिवा जाईल, हा सल्ला अमेरिकेतल्या गाड्यांसाठीचा आहे. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का हे स्वतः तपासतात. आपल्या बीएस-४ गाड्यांवर ते बंधन नव्हतं.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आधी दोन-चार दिवस फक्त पेट्रोलवर चालवा, त्याच चढाला. कोड आला नाही तर किटकडं बघा. सीएनजीला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळं झिजलेले प्लग गॅसवर आधी बोंबलतात.

गाडी उसाच्या रानाकडंला उभी राहत असेल तर वायरिंगही बघा. तोड झाली की उंदीर घराकडं सरकतात, आणि इंजिनची ऊब त्यांना आवडते.

आमच्या गाडीचं पॅकिंग बदलून आता दोन पावसाळे झाले. दर ऑइल बदलाला मी तिन्ही कॉइल काढते आणि भोकात टॉर्च मारते, पंधरा मिनिटांचं काम. परवा बघितलं तेव्हा तिन्ही भोकं कोरडी होती, आणि एक नंबरच्या कडेला किंचित ओल. वहीत तारीख लिहून ठेवलीय, पुढच्या महिन्यात परत बघणार आहे.